काठीचा हिशेब
(द्वितीय वर्ष कला)

नियतकालिकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली, तेव्हा आमच्या वर्गात विषयांची चर्चा सुरू झाली. कुणी 'आजची तरुण पिढी' घेतली, कुणी 'स्त्री काल आणि आज'. मी म्हटले, मी टोमॅटोच्या काठ्यांवर लिहिणार. मैत्रिणी हसल्या. एकीने विचारले, "काठ्यांवर मत काय असणार?" तेवढ्यावरून मी लिहायचे पक्के केले. कारण माझे काठ्यांवर मत आहे, आणि ते सहजासहजी झालेले नाही.

सुरुवात ग्रंथालयामागच्या कुंड्यांपासून करते, कारण त्या तुम्ही सर्वांनी पाहिल्या आहेत. गेल्या पावसाळ्यात तिथे बारा कुंड्यांत टोमॅटो लावले. रोपे चांगली धरली. मग त्यांना आधार म्हणून बाजारातून हिरव्या रंगाच्या, प्लॅस्टिक चढवलेल्या नळ्या आणल्या गेल्या. नळ्या दिसायला छान होत्या. पण त्या कुंडीच्या मातीत वीतभरच गेल्या आणि रोप नळीला नायलॉनच्या बारीक दोरीने आवळून बांधले गेले. पंधरा दिवसांत खोड जाड झाले आणि दोरी त्यात रुतली. रोपाचा शेंडा दुपारी माना टाकू लागला. पाणी कमी पडते असे समजून पाणी वाढवले गेले. शेवटी शिपाईमामा आणि मी, दोघांनी मिळून दोऱ्या कापल्या, मामांनी घरून जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या आणल्या, आणि नळीभोवती एक वेढा, रोपाभोवती दुसरा सैल वेढा, असा मराठी चारच्या आकड्यासारखा फास घालून रोपे पुन्हा बांधली. बारापैकी नऊ वाचली. त्या दिवशी एका प्राध्यापकांनी कौतुकाने विचारले, "हे तुला कुणी शिकवले?" मी "घरी बघून" म्हणाले. खरे उत्तर 'आईने' असे होते. ते मी का दिले नाही, याचा विचार नंतर बरेच दिवस करीत होते.

आमचे गाव जुन्नर तालुक्यात आहे. तालुक्याच्या पश्चिमेला सह्याद्रीचा कडा आणि पूर्वेला कुकडीच्या कालव्याची बागायत. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार आपल्या परिसरात सर्वांना ठाऊक आहे. आमची जमीन थोडकी. त्यातला वीस गुंठ्यांचा तुकडा टोमॅटोचा. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझी आजी टोमॅटोला 'वेलवांगं' म्हणायची. लहानपणी मला ते नाव अडाणीपणाचे वाटे. पुढे कळले, की टोमॅटो खरोखरच वांग्याच्या कुळातला आहे. मिरची आणि बटाटाही त्याच कुळातले. दक्षिण अमेरिकेतून निघून, मेक्सिकोत माणसाळून, पोर्तुगीजांच्या काळात तो आपल्याकडे आला. आजीला यातले काही ठाऊक नव्हते, तरी नाव बरोबर होते.

फक्त 'वेल' या शब्दात थोडी गफलत आहे, आणि माझा सगळा विषय त्या गफलतीतूनच निघतो. काकडीला, दोडक्याला, कारल्याला ताणे असतात. ते हाताने धरावे तसे आधार धरून वर चढतात. घेवडा काठीभोवती स्वतः वेढे घेतो. टोमॅटोला यातले काहीच येत नाही. त्याचे खोड वाढते लांब, पण ते भार सोसत नाही. सोडून दिले तर आडवे पडते आणि जिथे जमिनीला टेकेल तिथे मुळ्या फोडते. म्हणजे टोमॅटो चढत नाही. त्याला चढवावे लागते. कुणीतरी दर पंधरा दिवसांनी येऊन, हातात धरून, उचलून बांधावे लागते. उन्हाळ्यात कोरड्या रानात काहीजण तो जमिनीवरच पसरू देतात, पानांच्या सावलीत फळाला उन्हाचा चट्टा पडत नाही. पण पावसाळ्यात तसे केले तर मातीला टेकलेले फळ सडते, पावसाच्या थेंबांबरोबर उडालेल्या मातीने खालच्या पानांवर करपा येतो आणि तो वर चढत जातो. म्हणून आधार.

आता हा आधार किती लागतो ते पाहा. वीस गुंठे म्हणजे २१,७८० चौरस फूट. पाच फुटांवर सरी धरली तर एकूण ओळ होते ४,३५६ फूट. दीड फुटाला एक रोप, म्हणजे सुमारे २,९०० रोपे. दर आठ फुटांवर एक काठी म्हटली तर ५४५ काठ्या. तारेच्या दोन ओळी ओढल्या तर सोळा गेजची तार सुमारे ४२ किलो लागते. हा हिशेब मी अर्थशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानावर केलेला आहे आणि दादांनी (माझ्या वडिलांनी) तो तपासलेला आहे. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. पण गुंठ्याच्या हिशेबात ते चुकत नाहीत.

मंडप उभा करणे हे काम बघणाऱ्याला सोपे वाटते. काठ्या रोवायच्या, तार ओढायची, झाले. पण सगळा भार मधल्या काठ्यांवर नसतो, तो ओळीच्या दोन टोकांच्या डांबांवर असतो. शंभर फुटांच्या ओळीत ६६ रोपे. एका वेळी एका रोपावर दोन किलो फळ धरले तरी १३२ किलो होतात, आणि पाऊस पडून गेल्यावर ओल्या पानांचे वजन वेगळे. तार तो सगळा भार टोकाकडे ओढत नेते. म्हणून टोकाचा डांब सरळ रोवायचा नाही. तो ओळीपासून बाहेरच्या बाजूला तिरपा रोवायचा, आणि त्याच्या डोक्यापासून तार घेऊन मागे दोन फूट खोल पुरलेल्या दगडाला बांधायची. याला आम्ही ताण म्हणतो. ताण ढिला पडला की मधल्या काठ्या कितीही चांगल्या असोत, ओळ झोपते. दादा तार टिचकी मारून बघतात. तिचा आवाज त्यांना कळतो.

येथे थोडे विषयांतर करते. आमच्या गावापासून जवळच खोडदला मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आहेत. एकूण तीस, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला शाळेने आम्हाला तिकडे नेले होते. इतकी मोठी तबकडी म्हणजे जाड लोखंडी पत्र्याची असेल असे मला वाटले होते. पण ती बारीक तारेची जाळी निघाली. तारेच्या दोरांनी ताणून तिला बाक दिलेला आहे. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून वजन कमी आणि खर्चही कमी. ही कल्पना डॉ. गोविंद स्वरूप यांची. मी घरी येऊन सांगितले तेव्हा दादा म्हणाले, "म्हंजे आपला मांडवच की." त्यावर आम्ही सगळे हसलो होतो. आज मला वाटते, हसण्यासारखे त्यात फारसे नव्हते. कमी सामान घेऊन ताणावर भार तोलायचा, हाच विचार दोन्हीकडे आहे. एकाला आपण विज्ञान म्हणतो आणि दुसऱ्याला म्हणतो 'घरी बघून'.

असो. आता मूळ मुद्दा. या साडेपाचशे काठ्या आणायच्या कुठून?

आजीच्या माहेरी, पश्चिमेकडच्या डोंगरात, याचे उत्तर कारवी होते. कारवीच्या कुडाच्या भिंती, कारवीची वई, आणि पुढे टोमॅटो आले तेव्हा टोमॅटोलाही कारवी. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, सगळा डोंगर एकदम जांभळा होतो, बी धरते आणि मरते. मग वाळलेल्या काठ्या गोळा करायच्या. पण काठ्यांना मागणी वाढली तशी हिरवी कारवीही तुटू लागली. आता जंगलातून ती तोडून आणता येत नाही, आणि माझ्या मते आणूही नये. उतारावरची माती ती धरून ठेवते. वरच्या डोंगराची माती खाली आली तर ती आमच्याच धरणात येऊन बसणार.

मग राहिला बाजारातला बांबू. तो सरळ असतो, एकसारखा असतो, ट्रकने बांधावर येऊन पडतो. गावात बहुतेक जण तोच घेतात. आम्हीही घेतला, २०२३ साली.

ते वर्ष सर्वांना आठवत असेल. जुलैमध्ये शहरांत टोमॅटोने किलोला शंभर रुपयांचा आकडा ओलांडला होता. केंद्र सरकारने नाफेडमार्फत आपल्या भागातून आणि कर्नाटक-आंध्रातून टोमॅटो खरेदी करून दिल्लीत स्वस्तात विकायला काढले. आपल्याच तालुक्यातला शेतकरी टोमॅटोवर कोट्यधीश झाल्याची बातमी देशभर छापून आली. त्यानंतर आमच्या गावात टोमॅटो लावला नाही असे घर शोधावे लागले असते. अर्थशास्त्रात कोळ्याच्या जाळ्याची म्हणून एक आकृती आहे : चढ्या भावाकडे बघून सगळे पेरतात, माल एकदम येतो, भाव पडतो, मग सगळे पेरायचे थांबतात आणि भाव पुन्हा चढतो. ती आकृती सर फळ्यावर काढत होते, तेव्हा मला ती कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली.

सगळेच लावणार म्हणून बांबूलाही भाव आला. रोखीने वीस रुपये असलेली काठी उधारीने तेवीस. दादांनी ५४५ काठ्या उधारीने घेतल्या, १२,५३५ रुपये. शिवाय तार, रोपे, औषधे. जुलैच्या अखेरीला लागण झाली. सप्टेंबरमध्ये भाव कोसळले. आमचा पहिला तोडा ऑक्टोबरच्या तोंडावर आला आणि वीस किलोचे क्रेट १३० रुपयांना गेले. तोडणी, वाहतूक, हमाली वजा जाता हातात काय राहिले ते लिहीत नाही. दुकानदाराचा निरोप मात्र दर आठवड्याला येत राहिला. पुढच्या उन्हाळ्यात दादांनी ते बांबू निम्म्या किमतीला विकून उधारीचा काही भाग फेडला. तार तेवढी घरात राहिली.

२०२४ च्या जूनमध्ये मी बारावी पास होऊन बसले होते. दादा म्हणाले, "यंदा ऱ्हाऊ दे कॉलेज. पुढच्या वर्षी बघू." ते रागाने म्हणाले नाहीत, माझ्याकडे बघूनही म्हणाले नाहीत. आमच्या गल्लीत 'पुढच्या वर्षी बघू' म्हटलेल्या चार मुली मला माहीत आहेत. त्यांतल्या तिघींची लग्ने झाली आहेत. तेव्हा आई चुलीपुढून म्हणाली, "बांबू आणायचा न्हाई. काठ्या घरच्या करू. काठीचं पैसं पोरीला द्या." तिने हिशेब वहीत केला नव्हता, पण तो बरोबर होता. प्रवेश, पुस्तके आणि एस.टी.चा पास, हे सगळे काठ्यांच्या पैशात बसत होते.

अशा रीतीने मी तुमच्यात आले.

घरच्या काठ्या म्हणजे काय केले, ते सांगायला हवे. आमच्या बांधावर सुबाभूळ माजली होती. तिचे बी पडेल तिथे उगवते, म्हणून ती आम्हाला नकोशीच होती. तिच्या अंगठ्यापेक्षा थोड्या जाड, सरळ फांद्या तोडल्या. विहिरीकडेची शेवरी तोडली. निर्गुडीचे फोक घेतले. सहा-साडेसहा फुटांचे तुकडे केले, साली काढल्या. साल राहिली की तिच्याआड वाळवी शिरते. बुडखा हातभर शेकोटीत धरून काळा होईपर्यंत करपवला, म्हणजे जमिनीत गेलेला भाग लवकर कुजत नाही. शेजारचे काका जळके ऑइल लावा म्हणाले. पण ते मातीत उतरते, म्हणून आईने लावू दिले नाही. बांधायला नायलॉनऐवजी सुतळी आणि सुतळी संपल्यावर जुनी लुगडी.

हे सगळे पहिल्याच वर्षी साधले असे नाही. शेवरीचे लाकूड हलके. आम्ही तिच्या काठ्या सलग लावल्या होत्या, आणि ऑगस्टमधल्या एका वाऱ्या-पावसाच्या रात्री दोन ओळी जमिनीलगत मोडून आडव्या झाल्या. सकाळी आई चिखलात बसून एकेक रोप उचलत होती. शेजारून जाणारा एक जण म्हणाला, "काठीला पैसे वाचवले की असंच होतंय." त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. पुढे दर तिसरी काठी सुबाभळीची घातली, शेवरी फक्त मधे. मग ओळ पडली नाही. शिवाय घरच्या काठ्यांना आणखी एक दोष आहे, तोही लपवत नाही : त्या वाकड्या असतात, तार एका पातळीत राहत नाही. आणि मागच्या वर्षीची काठी, घरची असो की विकतची, पुन्हा वापरायची तर धुऊन, उन्हात कडक वाळवून घ्यावी लागते. नाही तर जुन्या पिकाचा रोग तिच्यावर बसून नव्या पिकात येतो.

हे सारे मी अर्थशास्त्राच्या तासाला सांगितले. स्थिर भांडवल आणि खेळते भांडवल हा भाग चालू होता. मी विचारले, "सर, टोमॅटोची काठी कशात धरायची?" वर्ग हसला, पण सर हसले नाहीत. त्यांनी मला फळ्याजवळ बोलावले आणि म्हणाले, "तुझ्या घरच्या काठीची किंमत लिही." मी शून्य लिहिले. ते म्हणाले, "कापली कुणी?" दादांनी सहा दिवस. "सोलली, करपवली कुणी?" आईने सहा दिवस. "दुसऱ्याच्या रानात गेले असते तर काय मिळाले असते?" आमच्याकडे त्या वर्षी गड्याला पाचशे आणि बाईला तीनशे रुपये रोज होता. म्हणजे तीन हजार आणि अठराशे. एकूण ४,८०० रुपये. सरांनी माझे शून्य पुसले आणि तिथे ४,८०० लिहिले.

मग हिशेब पुढे नेला. विकतचा बांबू रोखीने १०,९०० रुपयांचा, नीट ठेवला तर तीन हंगाम जातो. एका हंगामाला सुमारे ३,६३० पडतात. घरची काठी ४,८०० ची, दोन हंगाम टिकते, हंगामाला २,४००. फरक हंगामाला जेमतेम १,२३० रुपयांचा. "एवढ्यासाठी ओळी पडू द्यायच्या?" सरांनी विचारले. माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हते. मी जाग्यावर येऊन बसले आणि घरी जाईपर्यंत गप्प होते.

आज माझ्याकडे उत्तर आहे, आणि ते सरांनी वाचावे म्हणूनच मी हा लेख लिहिते आहे. सरांचा हिशेब बरोबर आहे, पण दोन्ही बाजूंचा रुपया त्यांनी सारखा धरला. तो सारखा नसतो. बांबूचे पैसे लागणीच्या आधी, जून-जुलैत द्यायचे असतात. तेव्हा शेतकऱ्याजवळ ते नसतात, म्हणून ते उधारीने द्यायचे असतात. भाव पडला म्हणून दुकानदार उधारी कमी करीत नाही. घरच्या काठीचे ४,८०० आम्ही आमच्याच अंगाला देणे लागतो. पीक गेले तर दादा-आईची मेहनत वाया गेली, हे दुःख आहेच. पण त्या मेहनतीचे तगादे घेऊन कुणी दारात येत नाही आणि तिला व्याज चढत नाही. ज्या मालाचा भाव जुलैत आकाशाला आणि सप्टेंबरात मातीला लागतो, त्या मालाच्या खर्चात दुसऱ्याच्या देण्याचा भाग जितका कमी, तितके घर उभे राहण्याचा संभव जास्त. १,२३० रुपये हा फायदा किरकोळ असेल. माझे म्हणणे फायद्याविषयी नाहीच, बुडण्याविषयी आहे. म्हणून अर्धा-एक एकरवाल्याने मंडपाचा बांबू उधारीने घेऊ नये, काठी बांधावरची करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याच्याजवळ रोख आहे त्याने खुशाल बांबू घ्यावा, लोखंडी खांबही उभे करावेत. माझे त्याच्याशी भांडण नाही.

पण सरांनी पुसलेल्या त्या शून्याविषयी मी त्यांची ऋणी आहे. कारण 'घरची काठी फुकट' असे आमच्या घरात सगळेच म्हणत होते, मीही म्हणत होते, आणि त्या फुकटात आई होती. काठ्या एकदाच कराव्या लागतात. बांधणी हंगामात तीनदा करावी लागते. २,९०० रोपे तीनदा बांधायची म्हणजे ८,७०० गाठी. काठी विकतची असो की घरची, या गाठी चुकत नाहीत, आणि त्या बायाच बांधतात. बगलफूट खुडणेही त्यांच्याकडेच. पानांचा हिरवट काळा डाग बोटांवर बसतो तो साबणाने जात नाही. कच्चा टोमॅटो चोळला तर जातो. वाकून पाठ धरते. आई एका दिवसात सहाशे रोपे बांधते, म्हणजे एका बांधणीला पाच दिवस आणि तिन्हींना पंधरा. बाईच्या रोजाने ४,५०० रुपये. हे आमच्या वहीत कुठेच लिहिलेले नव्हते. सरकारचा कृषी मूल्य आयोग खर्च मोजताना प्रत्यक्ष केलेल्या खर्चाला ए-२ म्हणतो आणि त्यात घरच्या माणसांचे श्रम मिळवले की ए-२ अधिक एफ.एल. म्हणतो. टोमॅटोला हमीभाव नाही, त्यामुळे ती मोजणी आमच्या भावाला उपयोगी पडत नाही, हे खरे. पण घरातल्या वहीला कुणाची हरकत आहे? यंदापासून मी वहीत एक रकाना जास्त आखला आहे. त्यावर 'आई' असे लिहिले आहे. दादांनी तो पाहिला. काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या बांधणीच्या वेळी तेही सुतळी घेऊन ओळीत उतरले. त्यांच्या गाठी फार घट्ट असतात. आई मागून जाऊन त्या सैल करते.

बांबूविषयी माझ्या मनात राग नाही, हेही सांगून टाकते. २०१७ मध्ये वन कायद्यातल्या 'वृक्ष' या शब्दाच्या व्याख्येतून बांबू काढण्यात आला, त्यामुळे आपल्या रानातला बांबू तोडायला आता परवाना लागत नाही. आम्ही २०२४ च्या पावसाळ्यात नाल्याच्या कडेला मानवेल बांबूची दहा बेटे लावली आहेत. काठ्या निघायला आणखी दोन-तीन वर्षे जातील. बांबू पावसाळ्यात तोडायचा नाही, हिवाळ्यात तोडायचा. तोडून पंधरा दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा, म्हणजे त्यातला गोडवा जातो आणि भुंगा लागत नाही, असे आजी सांगायची. पानमळेवाले तर शेवरी, शेवगा, पांगारा आधी लावून त्या जिवंत झाडांवरच नागवेल चढवतात. आधार आधी पेरायचा आणि वेल मागून लावायचा, इतका लांबचा विचार आपल्याकडे पूर्वीपासून आहे. टोमॅटो तीन-चार महिन्यांचा पाहुणा, त्याच्यासाठी कुणी झाड लावत नाही. पण बांधावर लावायला काय हरकत आहे?

माझ्यासारखे घरातले पहिलेच कॉलेजात आलेले इथे पुष्कळ आहेत. सुट्टीत आपण सगळे रानात असतो; कुणी कांदा काढतो, कुणी द्राक्षाची छाटणी करतो. परत आल्यावर मात्र 'सुट्टीत काय केले' या प्रश्नाला 'काही नाही, घरीच होतो' असे म्हणतो. मीही तसेच म्हणत आले. वस्तुतः आपल्या वर्गात ताण कसा द्यावा, कलम कसे बांधावे, बैलाचा खूर का दुखतो हे जाणणारी मुले आहेत आणि त्यांना ते ज्ञान वाटत नाही; कारण ते कुणी फळ्यावर लिहून घेतले नाही. सरांनी माझा हिशेब फळ्यावर घेतला तेव्हा मला तो पहिल्यांदा नीट दिसला, त्यातली चूकही दिसली. असे आणखी तास झाले तर मला हवे आहेत.

हा लेख संपादकांच्या हाती देत असतानाच उन्हाळी लागणीची पहिली बांधणी आली आहे. या वेळी ५४५ पैकी ३१० काठ्या मागच्या आहेत, बाकीच्या नव्या. सोमवार-मंगळवार मी तासांना दिसणार नाही. सरांनी हजेरीत गैरहजर लावावे. आमच्या वहीत त्या दोन दिवसांचे सहाशे रुपये माझ्या नावावर लागणार आहेत.